फेडलेलं कर्ज सिबिलमध्ये थकीत दिसतंय?

घाबरू नका, ही चूक दुरुस्त होते. पण नुसता स्कोअर बघून थांबू नका, पूर्ण रिपोर्ट काढा. सिबिल, एक्सपेरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क हे चार क्रेडिट ब्युरो, म्हणजे कर्जांच्या नोंदी ठेवणाऱ्या कंपन्या. चौघांकडून हा रिपोर्ट वर्षातून एकदा फुकट मिळतो. चूक एकाकडे असली की बाकीच्यांकडेही बघावंच लागतं.

आता त्या खात्याची नोंद बारकाईने वाचा: थकबाकीचा आकडा, खातं बंद झाल्याची तारीख आणि स्टेटस. तिथे 'क्लोज्ड'ऐवजी 'सेटल्ड' असेल तर अजिबात सोडू नका. बँकेने काही रक्कम सोडून देऊन खातं मिटवलं, असा त्याचा अर्थ होतो. तुम्ही तर पै न् पै भरली आहे! पुढे गृहकर्जाला गेलात की नेमकं हेच आडवं येतं.

तक्रार त्या ब्युरोकडे ऑनलाइन टाका, पण त्याच दिवशी बँकेलाही ईमेल करा. सिबिल स्वतःहून आकडा बदलत नाही, बँकेने होकार दिल्यावरच बदलतं. सोबत नो ड्यूज सर्टिफिकेट (काही देणं बाकी नसल्याचा बँकेचा दाखला) आणि शेवटचा हप्ता दिसणारं स्टेटमेंट जोडा. फोनवरच्या 'होऊन जाईल सर'वर विसंबू नका, तक्रार क्रमांक मागून घ्या.

३० दिवसांत निकाल लागला नाही, तर पुढच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई तुमच्या हक्काची आहे. रिझर्व्ह बँकेचा हा नियम एप्रिल २०२४पासून लागू आहे. तरीही दाद मिळाली नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जा, तिथे फी लागत नाही. आणि 'पैसे द्या, स्कोअर वाढवून देतो' म्हणणाऱ्या एजंटच्या हाती पॅन-आधार मुळीच देऊ नका.