हार्मोनचे तक्ते पाठ होत नाहीत म्हणून बायोलॉजी सोडायचं का?

प्रश्न : मुलगी अकरावी सायन्सला आहे. गणित आणि बायोलॉजी दोन्ही घेतलंय. बायोलॉजी तिच्या आवडीचं, पण मानवी शरीरक्रियेचे धडे आल्यापासून मार्क घसरले. हार्मोनचे तक्ते रात्री पाठ करते, सकाळी विसरते. परवाच्या टेस्टमध्ये डायबेटिस मेलिटस आणि इन्सिपिडसची अदलाबदल केली, तेव्हापासून रडून राहिली. बायोलॉजी सोडून इंजिनिअरिंगचंच बघावं का? आणि मेडिकलची नीट परीक्षा जमली नाही तर पुढे काय?
– एक आई, मानेवाडा, नागपूर

उत्तर : ताई, नमस्कार.

या कारणासाठी तरी बायोलॉजी सोडू देऊ नका. मुलीला गणिताची मनापासून ओढ असती, तर मी वेगळं बोलले असते. तुमच्या पत्रात ती ओढ मला कुठे दिसली नाही. दिसली ती एका टेस्टची धास्ती.

अडचण तिच्या डोक्यात नाही, तक्त्यात आहे. ग्रंथी, हार्मोन, काम, आजार असे रकाने पाठ केले की सगळी नावं सारखीच वाटायला लागतात. त्यापेक्षा एक प्रसंग घ्यायचा आणि थेट पेशीपर्यंत त्याचा माग काढायचा. नागपूरच्या मुलीला मे महिन्यापेक्षा चांगला प्रसंग कुठला मिळणार?

पारा 45 अंशांवर आहे आणि ती भर दुपारी क्लासवरून घरी आली. घाम खूप गेला. घामात रक्तापेक्षा मीठ कमी असतं, म्हणून पाणी जास्त जातं आणि रक्त थोडं खारट होतं. मेंदूतल्या हायपोथॅलॅमसला हे लगेच कळतं. तहान लागते आणि मेंदूच्या खालच्या पिट्यूटरी ग्रंथीच्या मागच्या भागातून एडीएच हे पाणी वाचवणारं हार्मोन रक्तात सुटतं. (ते बनतं हायपोथॅलॅमसमध्येच. पिट्यूटरी फक्त साठवते आणि सोडते. पुष्कळ मुलं इथेच चुकतात.) एडीएच रक्तासोबत अंगभर फिरतं, पण त्याला प्रतिसाद देतात फक्त त्याचा रिसेप्टर, म्हणजे त्याला ओळखणारं प्रथिन, असलेल्या पेशी. किडनीतल्या कलेक्टिंग डक्टच्या, म्हणजे लघवी गोळा करणाऱ्या नळ्यांच्या, पेशी त्यातल्या मुख्य. त्यांच्या आत अ‍ॅक्वापोरिन ही पाणी जाऊ देणारी प्रथिनं आधीच तयार असतात. एडीएच पोहोचलं की काही मिनिटांत ती पेशीपटलावर येऊन बसतात आणि पाणी परत रक्तात घेतलं जातं. म्हणून उन्हातून आल्यावर लघवी कमी आणि गडद पिवळी होते. दोन्ही किडन्या मिळून दिवसाला साधारण 180 लिटर द्रव गाळतात आणि बाहेर जाते ती जेमतेम दीड लिटर लघवी, हे तिला सांगा. मग या शोषणाचं मोल तिला वेगळं पटवून द्यावं लागणार नाही.

आता तिलाच विचारा, एडीएच बनलंच नाही किंवा किडनीने त्याला दादच दिली नाही तर? पाणी परत येणार नाही, पातळ लघवी लिटरच्या लिटर होत राहील, तहान भागणार नाही. हाच डायबेटिस इन्सिपिडस, साखरेचा इथे संबंधच नाही. मेलिटसमध्ये, म्हणजे नेहमीच्या मधुमेहात, इन्सुलिन कमी पडतं किंवा पेशी त्याला नीट जुमानत नाहीत. मग रक्तातली साखर इतकी वाढते की किडनीला ती सगळी परत घेता येत नाही. ती लघवीत उतरते आणि पाणी सोबत ओढून नेते. एवढं एकदा समजलं की अदलाबदल होणार नाही.

त्याच दुपारी मीठ वाचवायला अ‍ॅड्रिनल ग्रंथीचं अल्डोस्टेरॉनही येतं. ते स्टिरॉइड आहे, पेशीच्या आत शिरून जनुकांकरवी नवी प्रथिनं बनवून घेतं, म्हणून त्याच्या कामाला मिनिटं नाही, तास लागतात. एडीएच झटपट आणि अल्डोस्टेरॉन सावकाश का, हे तिने स्वतःच्या शब्दांत लिहून काढावं. हार्मोनच्या कार्यपद्धतीचा अख्खा भाग त्यात येतो.

नीटचं म्हणाल, तर 720 पैकी 360 गुण बायोलॉजीचे आहेत, तेव्हा हे धडे टाळून चालणारच नाही. पण एमबीबीएस म्हणजेच सगळं, असं घरात कुणी बोलत असेल तर ते थांबवा. हेच शरीरक्रियाशास्त्र फिजिओथेरपी, नर्सिंग आणि बी. फार्मच्या पायाशी आहे, बीएएमएसला ते क्रियाशारीर म्हणून येतं. आपल्या नागपूरच्या मेडिकल किंवा मेयो रुग्णालयात डायलिसिस मशीन चालवणारा तंत्रज्ञ रोज हेच ज्ञान वापरतो. जनावरांची आवड असेल तर सेमिनरी हिल्सचं पशुवैद्यकीय महाविद्यालयही आहे. गणित हाताशी असल्यामुळे बायोमेडिकल इंजिनिअरिंगचा रस्ताही खुला राहतो. कोणत्या कोर्सला नीट लागते आणि कोणत्याला सीईटी, हे नियम बदलत असतात. ते ऐकीव माहितीवर न ठरवता सीईटी सेलच्या संकेतस्थळावर त्या वर्षीचं माहितीपत्रक वाचा.

दोन्ही विषयांचा ताण खरा आहे, पण निर्णय अकरावीच्या निकालानंतर घ्या. पुढच्या टेस्टचा पेपर घरी आला की मार्क बघण्याआधी, ती नेमकी कुठे अडली ते तिच्याजवळ बसून बघा आणि मला कळवा.