गाडीच्या छतावर किती सोलर पॅनल बसवू?

प्रश्न : निवृत्तीनंतर आम्ही दोघांनी जुनी ट्रॅव्हलर घेऊन तिचं फिरतं घर केलंय. १२ व्होल्टचा छोटा फ्रिज, पंखा, दिवे, दोन मोबाईल, लॅपटॉप आणि हिच्या हट्टाखातर मिक्सर. दुकानदार म्हणतो, १ किलोवॅटचं पॅनल लावा, इंडक्शनसुद्धा चालेल. खरंच एवढं लागतं?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : नाही लागत. आधी वही घ्या, पॅनल मागाहून.

फ्रिज ४५ वॉटचा धरू. कॉम्प्रेसर निम्मा वेळ बंद असतो, म्हणजे दिवसाला अर्ध्या युनिटच्या थोडं वर. कमी वीज खाणारा बीएलडीसी पंखा २८ वॉटचा, रात्रभर पाव युनिट. बाकी सगळं मिळून पाव युनिटच्या आत. वहिनींचा मिक्सर तर बिचारा पाच मिनिटांचा धनी! त्याच्यासाठी बॅटरीची वीज घरच्यासारखी करून देणारा १,००० वॉटचा प्युअर साइन वेव्ह इन्व्हर्टर घ्या आणि काम झालं की बंद करा. नुसता चालू राहिला तरी तो बॅटरी पीत बसतो. फ्रिज थेट १२ व्होल्टवरच ठेवा.

थोडं हातचं राखून दिवसाला एकूण १.१ युनिट. इंडक्शनवर अर्धा तास स्वयंपाक केलात, तर त्या एकट्यालाच ०.९ युनिट लागेल. गॅसची शेगडी राहू द्या.

आपल्याकडे कोरड्या दिवसांत साधारण पाच तासांचं भरदार ऊन धरतात. पण छतावर आडवी पडलेली, धुळीनं माखलेली, तापलेली पॅनल्स ७० टक्केच देतात असं समजा. म्हणजे १.१ युनिटसाठी ३१५ वॉटची पॅनल्स लागतील. २०० वॉटची दोन घ्या, खाली चार बोटं हवा खेळू द्या. सोबत पॅनलमधून जास्तीत जास्त वीज काढून बॅटरी भरणारा ४० अँपिअरचा एमपीपीटी कंट्रोलर आणि १२ व्होल्टची, २०० अँपिअर-तासांची लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी. तेवढ्या बॅटरीवर ऊन नसलं तरी जवळजवळ दोन दिवस निघतात. बॅटरीच्या अगदी जवळ फ्यूज हवाच.

माझ्या पहिल्या गाडीत हिशेब बरोबर होता, अक्कल नव्हती. कोकणात समुद्रकाठी सुरूच्या गारव्यात दोन दिवस गाडी लावून मजेत लोळलो. तिसऱ्या दिवशी सकाळी फ्रिज गप्प, दूध फाटलेलं. पॅनलच्या कोपऱ्यावर सावली आली तरी वीज धाडकन उतरते, मी तर अख्खी गाडी झाडाखाली घातली होती. त्यामुळे तुम्ही झाडाखाली बसा, गाडी उन्हात ठेवा.

जुलैत कोकणात जाणार असाल तर पॅनल वाढवू नका. इंजिन चालू असताना बॅटरी भरणारा ३० अँपिअरचा डीसी-डीसी चार्जर बसवा, आधी गाडीचा अल्टरनेटर (इंजिनावर फिरून वीज तयार करणारं यंत्र) तेवढा भार पेलतो का हे बघून. दोन तासांच्या प्रवासात पाऊण युनिट मिळतं.