मालाडचे जर्मन आणि तुझी कादंबरी

चिरंजीव,
अनेक आशीर्वाद.

सात प्रकरणं वाचली. बॉम्बे टॉकीज या मालाडच्या जुन्या फिल्म स्टुडिओतल्या जर्मनांवर लिहायचं तुला सुचलं, त्याबद्दल पाठ थोपटतो. आता कान पिळतो.

तुझे परदेशी सगळे गरीब बिचारे आणि इंग्रज तेवढे दुष्ट. अरे, इतकं सोपं असतं तर निबंधावर भागलं असतं! तिथला जर्मन दिग्दर्शक फ्रान्झ ऑस्टेन १९३६ साली नाझी पक्षाचा सभासद झाला आणि त्याच वर्षी त्याने दिग्दर्शित केलेला ‘अछूत कन्या’ पडद्यावर आला. जातिभेदाविरुद्धचा बोलपट! ही गाठ सोडवत बसू नकोस, तशीच राहू दे. शिवाय नाझींमुळे परागंदा झालेले ज्यूही याच शहरात होते. वॉल्टर कॉफमन रेडिओवर संगीत बघायचा, प्रागचा विली हास १९३९ मध्ये येऊन चित्रपट निर्माते मोहन भवनानींसाठी पटकथा लिहू लागला. यांची ऑस्टेनशी गाठ घालून दे की एखाद्या संध्याकाळी. कादंबरीकाराला तेवढी मुभा असते.

सप्टेंबर १९३९ मध्ये महायुद्ध सुरू होताच इंग्रजांनी जर्मनांची धरपकड केली, ती तू तीन पानं रंगवलीस. मला दुसऱ्या दिवसाची सकाळ हवी होती. कॅमेरामन जोसेफ विर्शिंग स्थानबद्ध. मग कॅमेऱ्यामागे उभं कोण राहिलं? त्याच्याच हाताखाली शिकलेली आपली पोरं. तुझा गिरगावचा असिस्टंट एकदा चहा आणतो आणि गायब होतो. खरी कादंबरी त्याची आहे. गुरू तुरुंगात गेला म्हणून याला बढती मिळाली. घरी पेढे वाटायचे की तोंड लपवायचं? त्यात कच्ची फिल्म परदेशातून यायची, ती आटली. सरकारने बोलपटाला ११,००० फुटांची, म्हणजे दोनेक तासांची, मर्यादा घातली. नवख्या हाताने एक शॉट बिघडवला तर सेटवर काय शांतता पसरत असेल, ते लिही.

ब्लॅकआउट दोनदा आलाय, एक काढ.

आणि गूगल मॅप पुरे. मालाड पश्चिमेला उतरून बॉम्बे टॉकीजच्या कंपाउंडमध्ये प्रत्यक्ष फिर. आता तिथे छोट्या कारखान्यांचे गाळे आहेत. खडखडाटात उभा राहा थोडा वेळ.

युद्ध संपल्यावर विर्शिंग परतला, ‘महल’ हा बोलपट त्यानेच टिपला. तो पहिल्यांदा सेटवर येतो त्या दिवशी तुझा गिरगावकर कॅमेऱ्यापासून बाजूला होतो का? मला वाटतं, होतो. पण लगेच नाही.

पुढची प्रकरणं कागदावर छापून पाठव. मोबाइलवर वाचून डोळ्यांची वाट लागते.

तुझा,
काका