नवरा म्हणतो, मी गाडी घेऊन मागून येतो

प्रश्न : ताई, माझं वय ४९. सायकलवरून देश या टोकापासून त्या टोकापर्यंत ओलांडायचा, हे खूळ डोक्यात शिरलं तेव्हा मी २२ वर्षांची होते. मग लग्न, नोकरी, मुलं, सासूबाईंचं आजारपण. आता मुलं मार्गी लागलीत, दोन महिन्यांची रजा मंजूर झालीय, ३,५०० किलोमीटरचा रस्ता आखून तयार आहे. सायकल घेऊन वर्ष झालं. निघायची तारीख मात्र मी तीनदा पुढे ढकलली. त्यात नवरा म्हणतो, एकटी जाऊ नकोस, मी गाडी घेऊन मागून येतो. तो मनापासून म्हणतोय, त्यामुळे नको म्हणताना कृतघ्न वाटतं. हो म्हटलं तर ती माझी सफर राहील का? मी स्वार्थी आहे का?
ता. क. ऑफिसच्या मेलसाठी लॅपटॉप न्यावा का?
— उंबरठ्यावरची

उत्तर : तारीख तीनदा का ढकललीत, हे पत्रात कुठेच नाही. सबळ कारण असतं तर तुम्ही ते पहिल्याच ओळीत लिहिलं असतं. माझा अंदाज सांगते, चुकला तर सोडून द्या. २७ वर्षं मनात चालवलेल्या सफरीत उलटा वारा नसतो. खरी निघाली की तो सगळ्यात आधी भेटतो. बसायची जागा सोलवटते, एखाद्या दुपारी रस्त्याकडेला बसून 'कुणी सांगितलं होतं' असं वाटतं. इतकी वर्षं जपलेली गोष्ट अशी निघाली तर, ही धास्ती तुम्हाला असावी. सोलवटणं होईलच, फार तर कमी करता येतं. ते होईल हे धरूनच निघा.

स्वार्थाचं आधी उरकते. आयरिश लेखिका डर्व्हला मर्फी हिला दहाव्या वाढदिवसाला सायकल आणि नकाशांचं पुस्तक मिळालं, आणि सायकलने भारतात जायचं तिने तेव्हाच ठरवलं. निघाली ती १९६३च्या जानेवारीत, ३१व्या वर्षी. मधली वर्षं संधिवाताने अपंग झालेल्या आईची शुश्रूषा करण्यात गेली, शाळाही १४व्या वर्षी सुटली. आई गेल्यावरच्या पहिल्याच हिवाळ्यात, कडाक्याच्या थंडीत, ती बाहेर पडली. तिला कुणी स्वार्थी म्हणालं असेल-नसेल. तुम्हाला तरी कुणी म्हटलेलं दिसत नाही. तुम्हीच म्हणताय.

आता गाडी. तुमच्या यजमानांच्या मायेबद्दल शंका नाही, पण या बेताचा हिशेब त्यांनी केलेला नाही. सामान लादलेली सायकल सपाटीवर ताशी १५ किलोमीटरच्या आसपास चालते, चढावर सहा-सात. त्या वेगाने मागे गाडी ठेवता येत नाही. मागचे हॉर्न मारतात, ओव्हरटेक करणारे घाईत तुमच्याच अंगावर येतात. म्हणजे त्यांना २० किलोमीटर पुढे जाऊन थांबावं लागेल आणि तुम्ही येईपर्यंत तासभर रस्त्याकडे बघत बसावं लागेल. दिवसातून तीन-चारदा, दोन महिने. चौथ्या दिवशी 'उद्या जरा लवकर निघू या का' असं येईल. आठव्या दिवशी एखाद्या चढावर काच खाली करून 'बस ना आत, कोण बघतंय' असं येईल, तेही काळजीपोटीच. तुम्ही दमलेल्या असाल, बसालही. मग रात्री जे भांडण होईल ते सायकलवरून होणार नाही, २७ वर्षांवरून होईल.

त्यांना सांगा : मागून नको, मध्ये या. अर्ध्या वाटेवरचं एक गाव आत्ताच ठरवा, तिथे दोघं दोन-तीन दिवस राहा. येताना त्यांनी नवा टायर आणि चेन आणावी (मागचा टायर आधी झिजतो, बहुतेक ओझं त्याच्यावरच असतं), जाताना तुम्ही एकदाही न वापरलेले कपडे न्यावेत. असतील, खात्रीने असतील. रोज संध्याकाळी ठरल्या वेळी फोन करा. फोन आला नाही तर किती वाजेपर्यंत वाट बघायची आणि मग कुणाला कळवायचं, हे दोघांनी बसून कागदावर लिहा. त्यांना भीती वाटतेय आणि हाताला काम हवंय. ते काम द्या, स्टिअरिंग सोडून.

दोन महिन्यांचं गणितही नीट मांडा. दर सहा दिवसांनी एक दिवस विश्रांती धरली तर चालवायचे ५१-५२ दिवस उरतात, म्हणजे रोज सरासरी ६८ किलोमीटर. सराव असलेल्या माणसाला जमण्यासारखं आहे. पण सायकल घेऊन वर्ष झालं एवढंच तुम्ही लिहिलंत, चालवता किती ते नाही. तेव्हा चौथी तारीख ठरवण्याआधी दोन रात्रींची फेरी करून या, सगळं सामान लादून. ओझं खाली आणि दोन्ही बाजूंना सारखं बांधा. तरी पहिल्या वळणावर मागचं चाक डोलल्यासारखं वाटेल, ब्रेक मारल्यावर सायकल थांबायला जास्त अंतर घेईल. हे घराजवळ कळलेलं बरं. गुडघा पुढून दुखला तर सीट बहुधा खाली आहे. करंगळी बधिर झाली तर तळव्यावर भार पडतोय, हँडलवरची पकड सारखी बदलत राहा. पंक्चर झालं तर ट्यूब बदलायच्या आधी टायरच्या आतून बोट फिरवा, सावकाश. ट्रकच्या फुटलेल्या टायरांमधल्या बारीक पोलादी तारा रस्त्यावर पडलेल्या असतात. त्या बाहेरून दिसत नाहीत, आतून बोटाला टोचतात. तार तशीच ठेवून नवी ट्यूब घातलीत तर तिचीही हवा थोड्या वेळात जाते, आणि माणूस उगाच ट्यूबला शिव्या देतो.

एक अट मात्र मोडून टाका. पत्रात 'टोकापासून टोकापर्यंत' आहे, त्यावरून वाटतं की एखादा घाट बसने ओलांडला तर सगळं वाया गेलं असं तुम्ही धराल. थॉमस स्टीव्हन्स १८८४च्या एप्रिलमध्ये सॅन फ्रान्सिस्कोहून निघाला आणि ऑगस्टमध्ये बोस्टनला पोचला, पुढचं चाक प्रचंड मोठं असलेल्या जुन्या सायकलवरून. तिचं ओझं सांभाळत एक तृतीयांशाहून जास्त वाट त्याला पायी कापावी लागली. तरी पहिल्यांदा सायकलवरून अमेरिका ओलांडणारा म्हणून नाव त्याचंच घेतात. तुम्ही उतरून चाला. ताप आला तर बस पकडा. अर्ध्यावर पुरे वाटलं तर परत या, रजा उरली तर घरी झोपा.

फेरीहून आल्यावर तारीख ठरवा आणि ती यजमानांना कॅलेंडरवर लिहू द्या. त्यांनी मध्ये भेटायची तारीख त्यावरूनच मोजायची आहे, त्यामुळे चौथ्यांदा ढकलायची झाली तर दोघांचं वेळापत्रक हलेल.

लॅपटॉप नको. रजा मंजूर झालीय ना? चार्जरसकट दोन किलो तेच जातील. त्या जागी दोन ट्यूब, पंक्चरचं सामान आणि मागच्या चाकाचे दोन-तीन स्पोक घ्या. मागच्या चाकाचे, चेनच्या बाजूचे. तुटतात ते बहुधा तेच, आणि त्यांची लांबी बाकीच्यांपेक्षा वेगळी असू शकते, तेव्हा मोजून घ्या.