260 च्या मागे लागलेल्या पोरीला

अगं, तुझा व्हॉइस मेसेज ऐकला. हेट इटर्नल या डेथ मेटल बँडचा किंग ऑफ ऑल किंग्ज हा अल्बम ऐकून डोकं बधिर झालं म्हणालीस, बरं झालं, कधीतरी होणारच होतं. पण लगेच पुढे "दादा मला पण गिटार 260 बीपीएमवर वाजवायचंय, किती महिने लागतील" हे, म्हणजे मिनिटाला 260 बीट, जे विचारलंस ना, त्यावर व्हॉइस मेसेज पाठवून भागणार नाही म्हणून बसून लिहितोय.

आधी हा अल्बम केला कुणी ते बघ. 2002 मध्ये तो आला तेव्हा बँडचा गिटारिस्ट एरिक रुटन काही काल गिटार हातात घेतलेला पोरगा नव्हता. न्यू जर्सीत रिपिंग कॉर्प्स नावाच्या बँडमध्ये होता, त्यांचा अल्बम 1991 चा, मग मॉर्बिड एंजेल या बँडमध्ये गेला, 1995 च्या डॉमिनेशन अल्बमवर वाजवलं, तिथून बाहेर पडून स्वतःचा बँड, म्हणजे हेट इटर्नल, काढला, 1999 ला कॉन्करिंग द थ्रोन केला, आणि 2000 मध्ये परत मॉर्बिड एंजेलसोबत गेटवेज टू अ‍ॅनायहिलेशन. हा गेटवेज तू ऐकला नसणार. स्लो आहे, आणि स्लो म्हटलं की तू दोन मिनिटांत पुढे ढकलतेस. चिखलातून बैलगाडी ओढावी तसे रिफ, म्हणजे परत परत येणारे गिटारचे तुकडे, आहेत त्यात, एकेक नोट दाबून धरलेली, आणि दोन नोटांमधली शांतता पण मोजून ठेवलेली. ज्या हाताने हे वाजवलं त्याच हाताने दोन वर्षांनी किंग ऑफ ऑल किंग्ज वाजवलाय. मला विचारशील तर तो वेग तिथून आलाय, हे दोन अल्बम पाठोपाठ ऐक म्हणजे कळेल.

आता तुझं गणित. एका बीटला चार स्ट्रोक धर, 260 सोड, 240 बीपीएमलाच सेकंदाला सोळा होतात. सोळाच्या सोळा सारख्या जोराने, सारख्या अंतराने पडले पाहिजेत, त्यातले दोन जरी लटपटले तरी ऐकणाऱ्याला रिफ न कळता नुसती घरघर ऐकू येते. तुझ्या परवाच्या रीलमध्ये तेच झालंय, खाली शंभर जणांनी आगीचे इमोजी टाकलेत पण कोणता रिफ होता ते त्यातल्या एकाला तरी गुणगुणता येईल का? किंग ऑफ ऑल किंग्जमधलं सर्व्हंट्स ऑफ द गॉड्स परत लाव, गिटारकडे लक्षच देऊ नकोस, फक्त स्नेअर, म्हणजे ड्रमसेटमधला तो कडक वाजणारा ड्रम, ऐक. ड्रमर डेरेक रॉडी आहे तो, पुढे या माणसाने ब्लास्ट बीट, म्हणजे ड्रमचा हा सुसाट ठेका, या एकाच विषयावर शिकवणीचं अख्खं पुस्तक लिहिलं. स्नेअर कशी एका लेव्हलला पडत राहते बघ, आणि मग गिटार तिच्यावर कुठे टेकते ते बघ. तू लॅपटॉपवर प्रोग्राम केलेले ड्रम लावून वाजवतेस, ते ड्रम कधी दमत नाहीत, कधी तुझ्याकडे रागाने बघत नाहीत, त्यामुळे तुला काही शिकवत पण नाहीत. ड्रमर शोध. वाईट असला तरी चालेल, हाडामांसाचा पाहिजे.

आणि दुसरं एक काम कर जे रील बनवणारे कुणी करत नाहीत. मेटलच्या रेकॉर्डिंगमध्ये रिदम गिटार साधारण दोनदा वाजवतात, एक टेक, म्हणजे एकदा वाजवलेलं रेकॉर्डिंग, पूर्ण डाव्या स्पीकरकडे पॅन करायचा, दुसरा पूर्ण उजव्याकडे. कॉपी पेस्ट नाही, खरंच दोनदा वाजवायचं. तू तुझा तोच रिफ 180 वर असा रेकॉर्ड कर आणि हेडफोन लावून ऐक, पिक कुठे आधी लागलं, कुठे उशिरा, तळहात ब्रिजवरून कुठे सुटला, सगळं उघडं पडतं. गेन, म्हणजे डिस्टॉर्शन वाढवणारं बटण, निम्म्यावर आण, जास्त डिस्टॉर्शनमध्ये पिकचा टकटक आवाज बुडतो आणि आपल्याला उगाच वाटतं की भारी वाजतंय, आणि मिड्स, म्हणजे मधल्या पट्टीचा आवाज, संपवू नकोस, गिटार राहते तिथेच. मनगटातून वाजव, कोपर ताठ होऊन दुखायला लागलं की थांब, ते दुखणं म्हणजे मेहनत नाही.

रुटनला हे सगळं नीट कळतं कारण तो स्टुडिओच्या काचेच्या दोन्ही बाजूंना बसलाय, वाजवायलाही आणि रेकॉर्ड करायलाही. फ्लोरिडात सेंट पीटर्सबर्गला त्याचा माना नावाचा स्टुडिओ आहे, कॅनिबल कॉर्प्स या बँडचा 2006 चा किल अल्बम त्यानेच प्रोड्यूस केला, त्यांचे बरेच अल्बम केले, आणि 2021 च्या व्हायोलन्स अनइमॅजिन्डवर तर पन्नाशीच्या उंबरठ्यावर त्यांचाच गिटारिस्ट म्हणून वाजवलं. दुसऱ्यांचे टेक इतकी वर्षं ऐकून कान तयार झालेत. तरी खरं सांगू, किंग ऑफ ऑल किंग्जचा आवाज मला आजही जरा कोंदट वाटतो, हेट इटर्नलचाच 2005 चा 'आय, मोनार्क' जास्त मोकळा आहे. पण ते राहू दे, आवडीनिवडीचा भाग.

तू म्हणालीस की असलं म्युझिक रागातूनच येतं, राग आला की हात आपोआप पळतात. मला नाही पटत. किंग ऑफ ऑल किंग्जवर बास वाजवणारा आणि रुटनच्या जोडीने ओरडणारा जॅरेड अँडरसन 2006 मध्ये तरुणपणीच गेला. हेट इटर्नलचा 2008 चा फ्यूरी अँड फ्लेम्स त्यालाच अर्पण केलाय, बासवर कॅनिबल कॉर्प्सचा अ‍ॅलेक्स वेबस्टर. जवळचा माणूस गेल्यावर केलेला अल्बम, आणि तरी एकही रिफ बीट सोडून पळत नाही. बँडमधल्या बाकीच्यांनी तुझा मूड बघून वाजवायचं नसतं, त्यांना एकचा ठोका कुठेय ते कळायला लागतं.

तर 260 सध्या बाजूला ठेव. रविवारी जॅमरूमला येताना 180 वरचे दोन टेक वेगवेगळ्या फाइलमध्ये आण, इफेक्ट न लावता, पाच मिनिटं सलग, मध्ये कट नको. वाटलं तर 160 वर आण, मी हसणार नाही. आणि तुझी लांब केबल माझ्याकडेच राहिलीये, ती घेऊन जा.

दादा