बोर्ड वाचता येत नाही का?

मी समुपदेशक. दिवाळीच्या मागेपुढे माझ्या फोनवर एकच वाक्य वेगवेगळ्या जिल्ह्यांतून येत राहतं. "मॅडम, पोरगं बारावीपर्यंत एक नंबर होतं हो. पुण्याला गेलं अन् काय झालं कळंना." कधी नांदेडहून, कधी सांगोल्याहून, तर कधी चक्क कोथरूडमधून. तिथे 'कळंना'च्या जागी 'समजतच नाही' असतं, एवढाच फरक. या सगळ्यांना मी एका मुलाची गोष्ट सांगते. त्याला ओंकार म्हणू. नाव आणि ओळखीच्या खुणा अर्थातच बदलल्या आहेत.

ओंकार उदगीरकडचा. दहावीनंतर लातूरला दोन वर्षं क्लास, मग सीईटी, मग पुण्यात इंजिनिअरिंग. कात्रजला तिघांत एक खोली आणि मेसचा डबा. पहिल्या इनसेमला (सत्राच्या मधली परीक्षा) एम-वनमध्ये, म्हणजे पहिल्या सत्राच्या गणितात, ३० पैकी ५ मार्क पडले आणि याने वर्गात जाणंच सोडलं. घरून रोज रात्री फोन यायचा. "अभ्यास?" "चालू आहे पप्पा." बस, संपलं.

"रात्री दोनपर्यंत बसायलोय मॅडम, पण डोक्यात काहीच घुसंना," तो मला म्हणाला. "मी मुळातच ढ आहे. इतके दिवस कुणाला कळलं नव्हतं, आता कळंल."

"सरांना विचारलंस?"

"नाही."

"वर्गात कुणाला?"

"नाही. मी तोंड उघडलं की आधी माझ्या बोलण्यालाच हसतेत."

ड्रॉइंगच्या शीटही तो काचेखाली दिवा लावून दुसऱ्याच्या शीटवरून काढायचा. जीटी मारणं म्हणतात त्याला. इंजिनिअरिंगच्या होस्टेलांवर ही जुनीच कला आहे, पण ओंकार ती आळसापोटी करत नव्हता. 'ही रेघ इथे का आली' एवढं विचारावं लागू नये म्हणून करत होता.

पहिल्या दोन-तीन भेटींत मी चूक केली. त्याला वेळापत्रक आखून दिलं. त्याने ते शहाण्या मुलासारखं पाळलं आणि फरक शून्य. वेळापत्रक ही आम्हा समुपदेशकांची पळवाट असते. आपण काहीतरी दिलं असं वाटतं. खरं तर लातूरला त्याची दर रविवारी टेस्ट व्हायची. आपल्याला काय येत नाही, हे क्लासच त्याला सोमवारी सांगायचा. पुण्यात ते त्याचं त्यालाच हुडकायचं होतं आणि वर दुसऱ्यापाशी कबूलही करायचं होतं. हुडकण्याची त्याची तयारी होती, कबूल करण्याची नव्हती.

चौथ्या भेटीला तो भिजून आला. बस चुकली होती. बोलायला विषय हवा म्हणून मी सहज विचारलं, "पुण्यात पहिल्यांदा आलास तेव्हा स्वारगेटहून कात्रजला कसा गेलास रे?"

"इचारत इचारत."

"किती जणांना?"

"चार-पाच. एक काका तर 'बोर्ड वाचता येत नाही का?' म्हणून अंगावरच आले."

"मग?"

"मग काय, दुसऱ्याला इचारलं."

"तेव्हा ढ वाटलं?"

"त्यात ढ काय मॅडम? मी काय पुण्याचा थोडाच आहे."

मी काहीच बोलले नाही. खाली रिक्षावाल्यांचं भांडण चाललं होतं, ते दोघंही ऐकत बसलो. मग म्हटलं, "आणि एम-वनचा आहेस?"

तो बराच वेळ बूट बघत राहिला. मग हसला. पहिल्यांदाच. "तिथला पण नाही," म्हणाला.

इतक्या वर्षांत शिकलेलं सगळं त्या दिवशी त्या एका वाक्यात मावलं, असं मला वाटलं. मी अल्बर्ट एलिस या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाच्या वाटेने जाणारी. 'मला यावं' ही इच्छा आहे आणि 'मला आलंच पाहिजे, नाहीतर मी कुचकामी' हा हट्ट आहे; माणूस आजारी पडतो तो हट्टाने, हे मी विद्यार्थ्यांना फळ्यावर लिहून शिकवते. पण ओंकारला फळा नको होता. रस्त्याच्या बाबतीत तो आधीच शहाणा होता. फक्त तो शहाणपणा कॉलेजच्या फाटकाबाहेर ठेवून आत जात होता. स्वतः एलिस तरुणपणी भयंकर लाजाळू. १९ व्या वर्षी न्यूयॉर्कच्या एका बागेत त्याने ठरवून सुमारे १०० अनोळखी बायकांशी बोलणं काढलं. एकीने भेटायचं कबूल केलं, तीही आली नाही. पण आकाशही कोसळलं नाही. हा किस्सा मुलांना सांगितला की हमखास खसखस पिकते. (प्रयोग मात्र कुणी जसाच्या तसा करू नये, हे मी लगेच जोडते.)

गृहपाठ एकच दिला: सरांच्या केबिनमध्ये जायचं आणि एका गणिताची एकच पायरी विचारायची. 'सर, काहीच कळलं नाही' म्हणायचं नाही, कारण त्यावर कुणाला काही करता येत नाही. 'तिसऱ्या ओळीतून चौथी कशी आली?' असं विचारायचं.

पुढच्या आठवड्यात आला. "सर म्हणाले, हे अकरावीचं आहे."

"मग?"

"मग अकरावीचं शिकवलं."

ज्यांची मुलं येत्या वर्षी कॉलेजला निघतील, त्या पालकांना माझं थोडं कडवट सांगणं आहे. डोमिसाइल, नॉन-क्रिमीलेअर, उत्पन्नाचा दाखला हे सगळे कागद तुम्ही रजा टाकून काढता आणि मुलगा क्लासला बसलेला असतो. एखाद्या तरी दाखल्यासाठी त्याला सेतू केंद्राच्या रांगेत उभं करा. 'उद्या या' ऐकू द्या. खिडकीपलीकडच्या माणसाला पुन्हा एकदा विचारायची सवय तिथे लागते आणि तीच पुढे केबिनच्या दारात उपयोगी पडते. मुलांनो, पहिल्या पंधरा दिवसांतच एका तरी शिक्षकांना नावानिशी आपली ओळख करून द्या. सबमिशनच्या आठवड्यात त्यांच्याकडे श्वास घ्यायला वेळ नसतो. आठवड्यातून एकदा वही मिटून कोऱ्या कागदावर आठवेल ते लिहा. जिथे पेन अडतं, तिथला प्रश्न घेऊन जा. तुमची रविवारची टेस्ट आता तुम्हीच. आणि मूल आठवडेच्या आठवडे झोपत, जेवत नसेल, जगण्यात अर्थ नाही असं बोलत असेल, तर माझी ही गोष्ट बाजूला ठेवा आणि त्याच दिवशी डॉक्टर गाठा. टेली-मानसचा १४४१६ हा सरकारी क्रमांक कधीही लागतो, मराठीतही बोलता येतं.

निकालानंतर ओंकारच्या वडिलांचा फोन आला. आवाज गोंधळलेला.

"मॅडम, आधी विचारलं की सगळं ओके म्हणायचा. काल स्वतःहून फोन केला अन् म्हणाला, पप्पा, मेकॅनिक्समध्ये नापास झालो, केटी लागली. आता ह्याला सुधारणा म्हणायची का?"

"म्हणायची," मी म्हटलं. "आणि ड्रॉइंगचंही विचारा त्याला. काठावर पास झालाय, पण रेघ न् रेघ त्याची स्वतःची आहे."