अन्ननलिकेच्या कॅन्सरमुळे वडिलांना पाणीही उतरत नाही. स्टेंट टाकल्यावर भाकरी खाता येईल का?

भाकरीचा सुका तुकडा नाही, पण वरणात किंवा दुधात पूर्ण भिजवून कुस्करलेली भाकरी काही दिवसांनी खाता येते. कारण स्टेंट म्हणजे जाळीची धातूची नळी. पूर्ण उघडल्यावरही साधारण 18 ते 23 मिलिमीटर रुंद. त्या भागात अन्न पुढे ढकलणारी हालचाल होत नाही, घास स्वतःच्या वजनाने खाली सरकतो. म्हणून ताठ बसूनच जेवायचं, घास छोटा आणि चावून लगदा केलेला, मधूनमधून कोमट पाण्याचे घोट. पहिल्या दिवशी डॉक्टरांनी सांगितल्यावर फक्त पातळ पदार्थ. मग पेज, मऊ भात, खिमट. नळी पूर्ण उघडायला दोन-तीन दिवस लागतात, तोवर छातीत दुखणं बऱ्याच जणांना होतं, त्यासाठी औषध मागून घ्या. मटणाचे तंतू, पालेभाजीचे देठ, संत्र्याची साल असलेली फोड आणि पावाचा गोळा हमखास अडकतात. अडकलंच तर घरी काठीने किंवा बोटाने ढकलू नका. थोडं पाणी पिऊनही उतरलं नाही तर एन्डोस्कोपीने, म्हणजे तोंडातून दुर्बीण घालून, काढावं लागतं. स्टेंट जठराच्या तोंडापर्यंत गेला असेल तर आम्लपित्त वर येतं, झोपताना उशाकडची बाजू उंच ठेवा.

एक मात्र आधी विचारा: रोग बरा करण्यासाठी केमो-रेडिएशन किंवा ऑपरेशन ठरलं असेल तर सहसा स्टेंट टाळतात आणि नाकातून किंवा पोटातून नळी घालून आहार देतात.